भाकप की माकप: कोकणातून निवड करताना

डहाणू-तलासरीपासून अलिबागपर्यंत लाल बावट्याखाली काम करू इच्छिणाऱ्या तरुणाला पक्ष निवडताना घोळ होणे स्वाभाविक आहे, कारण भारतीय कम्युनिस्ट पक्ष (भाकप) आणि त्यातून फुटून निघालेला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (माकप) या दोघांच्याही शेतकरी संघटनेचे नाव अखिल भारतीय किसान सभा असेच आहे.

एप्रिल 1964 मध्ये भाकपच्या राष्ट्रीय परिषदेतून 32 सदस्य बाहेर पडले, त्यामागे सोव्हिएत-चीन वाद, 1962 चे युद्ध आणि भाकपचे नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी ब्रिटिश सरकारला लिहिल्याचा आरोप असलेल्या पत्रांचे प्रकरण होतेच. पण खरा मतभेद काँग्रेसकडे कोणत्या नजरेने पाहायचे याबद्दल होता. भाकपच्या मते राष्ट्रीय भांडवलदारांतील पुरोगामी थरांना बरोबर घेऊन राष्ट्रीय लोकशाही क्रांती साधता येईल, तर माकपच्या मते सत्ता बड्या भांडवलदारांच्या नेतृत्वाखालील भांडवलदार-जमीनदारांची असल्याने जनतेच्या लोकशाही क्रांतीचे नेतृत्व कामगारवर्गाकडेच हवे. या भूमिकांचा कस आणीबाणीत लागला. भाकपने तिला पाठिंबा दिला, माकपने विरोध केला, आणि येथे माकपच बरोबर होता असे माझे ठाम मत आहे. मात्र भाकपने 1978 च्या भटिंडा अधिवेशनात आपली चूक मान्य केली, हेही विसरू नये. पुढे 1981 मध्ये डांगे यांनाच पक्षाबाहेर जावे लागले. 1996 मध्ये भाकप केंद्र सरकारात गेला आणि इंद्रजित गुप्ता गृहमंत्री झाले. माकपने मात्र ज्योती बसूंना पंतप्रधानपद स्वीकारू दिले नाही. नक्षलबारीनंतर 1969 मध्ये निघालेल्या मार्क्सवादी-लेनिनवादी (माले) प्रवाहाचा विचार कोकणापुरता बाजूला ठेवता येतो.

कोकणात मात्र सिद्धांताइतकेच वजन कामाला आहे. वेठबिगारीविरुद्ध 1945 मध्ये उठलेला वारली आदिवासींचा लढा अविभक्त कम्युनिस्ट पक्षाच्या किसान सभेचा. पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये ही त्यातली मागणी होती. तो लढा उभारणारे शामराव आणि गोदावरी परुळेकर फुटीनंतर माकपमध्ये गेले आणि तेथील कार्यकर्त्यांचे जाळेही त्यांच्याबरोबर गेले. डहाणूतून 2019 आणि 2024 मध्ये माकपचे विनोद निकोले निवडून आले ते याच बांधणीवर. म्हणून वनहक्काच्या दाव्यांवर, कसत्या जमिनीवर काम करायचे असेल तर या भागात माकपच निवडावा. अलिबाग-पेणकडे परिस्थिती वेगळी आहे. तेथे शेतकऱ्यांत मुळे रुजली ती चरी गावच्या शेतकरी संपातून पुढे आलेल्या नारायण नागू पाटलांच्या शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप), आणि तोही मार्क्सवाद मानणाराच पक्ष आहे. ज्याला कामगार संघटनेत उतरायचे आहे त्याने आपल्या कारखान्यात भाकपशी जोडलेली आयटक ही कामगार संघटना आहे की माकपशी जोडलेली सिटू, हे आधी पाहावे.