गोडॉक्स एसके ४०० टू: छोट्या स्टुडिओला पुरेसा, उघड्या अ‍ॅपर्चरला जड

गोडॉक्स एसके ४०० टू हा स्टुडिओ फ्लॅश. त्याचा ४०० वॉट-सेकंद हा आकडा कपॅसिटरमध्ये (फ्लॅशची वीज साठवणारा भाग) साठणाऱ्या ऊर्जेचा. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर किती उजेड पडेल हे रिफ्लेक्टर (फ्लॅशपुढची चकचकीत वाटी) आणि अंतरही ठरवतं. त्यामुळे २०० ऐवजी ४०० घेतलं तर फायदा फक्त एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), हे दुकानदार सहसा सांगत नाही.

गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, ६५ (आयएसओ १००, मीटरमध्ये); त्याला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. म्हणजे साध्या रिफ्लेक्टरने, पूर्ण पॉवरवर, २ मीटरवरून साधारण एफ/३२ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं अ‍ॅपर्चर उघडं). सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावला की दोनेक स्टॉप गेलेच: एफ/१६. पाव पॉवरवर एफ/८, पोर्ट्रेटला झकास.

अडचण खालच्या टोकाला आहे. पॉवर १/१६ च्या खाली जात नाही, म्हणजे एफ/४ वर गाडी अडते. एफ/२ हवं असेल तर लेन्सवर दोन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा किंवा लाइट दुप्पट अंतरावर न्या. पण लाइट लांब नेला की सावल्या कडक होतात.

हाय-स्पीड सिंक, म्हणजे खूप वेगवान शटरवरही फ्लॅश वापरण्याची सोय, नाही. शटर १/१२५ वर ठेवा. कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपलीकडे (फ्लॅशसोबत चालणारा सर्वात वेगवान शटर) गेलात की फ्रेममध्ये काळा पट्टा येणारच. शटर हळू केल्याने फ्लॅशचा उजेड वाढत नाही, खोलीतला ट्यूबलाइट मात्र फोटोत उतरतो.

बोवेन्स माउंटमुळे (सॉफ्टबॉक्स जोडायची सर्रास वापरली जाणारी खाच) सॉफ्टबॉक्स कुठेही मिळतात. १५० वॉटचा मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशआधी उजेड कसा पडेल हे दाखवणारा दिवा) चांगलाच तापतो, बदलताना जपून.