जंपिंगसाठी जन्मलेला म्हणून विकलेला रेसचा घोडा

मुंबईचा रेसिंग हंगाम एप्रिलमध्ये उतरतो आणि व्हॉट्सअॅपवर घोड्यांचे व्हिडिओ फिरायला लागतात. रेसमधून काढलेली जनावरं तबेल्यांना सांभाळायची नसतात, दलालांना पुढची गिऱ्हाइकं हवी असतात. खालचा व्यवहार अशाच काळातला, पुण्याजवळ झालेला. शो जंपिंग शिकणाऱ्या एका मुलीसाठी तिच्या घरच्यांनी घोडा घेतला. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही, कारण हीच पद्धत वापरणारा तो एकटा नाही.

जाहिरात अशी होती: थरोब्रेड (रेसची घोड्याची जात) गेल्डिंग (खच्ची केलेला नर), वय 6, उंची 16.2 हात, कधीच रेस न पळालेला, खास स्पोर्टसाठी ब्रीड केलेला, जर्मन वळूच्या (पैदाशीच्या नर घोड्याच्या) फ्रोझन सीमेनपासून (गोठवलेल्या वीर्यापासून) झालेला, 1 मीटरची उडी सहज मारतो. किंमत साडेपाच लाख.

घोडा बघायला जाण्याआधीच ही जाहिरात खोटी ठरवता आली असती. थरोब्रेडच्या स्टड बुकचा, म्हणजे जातीच्या नोंदवहीचा, जगभर एकच नियम आहे: शिंगरू वळू आणि घोडीच्या प्रत्यक्ष मीलनातूनच झालेलं असलं पाहिजे. कृत्रिम रेतन, भ्रूणरोपण, क्लोनिंग यातून झालेल्या शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद होत नाही, मग आईबाप दोन्ही अस्सल असले तरी. त्यामुळे ‘फ्रोझन सीमेनचा’ आणि ‘नोंदणीकृत थरोब्रेड’ या दोन गोष्टी एका घोड्यात बसूच शकत नाहीत. वार्मब्लडमध्ये (जंपिंगसारख्या खेळांसाठी पैदा केलेल्या युरोपीय जातींमध्ये) फ्रोझन सीमेन रोजचंच आहे, विकणाऱ्याने तिथलं वाक्य उचलून इथे चिकटवलं होतं.

सोबत चार पिढ्यांची छापील वंशावळ होती आणि त्यात काही नावांपुढे ‘एक्सएक्स’ लिहिलं होतं. हे स्पोर्ट ब्लडलाइनचं चिन्ह आहे, असं घरच्यांना सांगितलं गेलं. तसं ते नाही. जर्मन स्टड बुकांत कुठलाही पूर्वज थरोब्रेड असला की त्याच्या नावापुढे एक्सएक्स लावतात आणि अरबी असला की ओएक्स. महालक्ष्मीला पळणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या बापापुढे ही अक्षरं टाकली तरी ती चूक ठरणार नाहीत. नॉर्दर्न डान्सर या प्रसिद्ध रेसच्या वळूचंही तेच. ‘नॉर्दर्न डान्सर लाइन, जंपर रक्त’ हे ऐकून भारावायचं कारण नाही, कारण आजच्या बहुतेक थरोब्रेडच्या वंशावळीत तो कुठे ना कुठे सापडतोच.

स्पोर्टसाठी मुद्दाम पैदा केलेले थरोब्रेड नसतातच असं नाही. अमेरिकेत फ्रँक शापो यांनी स्वतः ज्या गुड ट्विस्टवर उड्या मारल्या, त्याच वळूपासून जेम ट्विस्ट झाला. तो 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये ग्रेग बेस्टसोबत दोन रौप्यपदकं घेऊन आला. जर्मनीत लेडीकिलर एक्सएक्ससारख्या वळूंनी होल्स्टाइनर या वार्मब्लड जातीत जंपिंगची घराणी उभी केली, पण त्यांची ती पिल्लं होल्स्टाइनर म्हणून नोंदली गेली, थरोब्रेड म्हणून नव्हे. म्हणजे खरा स्पोर्ट ब्रेड थरोब्रेड ओळखायचा तर एका गोष्टीवरून: त्याच्या आईबापांनी किंवा भावंडांनी जंपिंग, इव्हेंटिंग किंवा ड्रेसाज या घोडेस्वारीच्या स्पर्धांमध्ये काय केलं, याचे निकाल दाखवता येतात का. नुसती नावं पुरत नाहीत.

भारतात थरोब्रेडचे स्टड फार्म रेससाठीच शिंगरं काढतात, कारण त्या धंद्याचा पैसा रेसमध्येच आहे. कुणी स्पोर्ट ब्रेड म्हणत असेल तर दोनच शक्यता उरतात: घोडा आयात केलेला आहे, किंवा माणूस थापा मारतोय. आयात असेल तर विमानाचं एअरवे बिल, मूळ देशाचा पासपोर्ट आणि भारतातल्या अॅनिमल क्वारंटाइन केंद्राचा सोडपत्राचा कागद असतो. या व्यवहारात यातलं काहीच नव्हतं. ‘मूळ पासपोर्ट फेडरेशनकडे दिलाय’ म्हणून एक धूसर झेरॉक्स तेवढी हातात दिली होती.

‘कधीच रेस न पळालेला’ या शब्दांवरही लोक भाळतात. न पळालेले घोडे बरेचदा ट्रेनिंगमध्येच पाय बिघडल्यामुळे पळालेले नसतात. म्हणजे कोरा घोडा म्हणून जो घेतो तो दुखापतच विकत घेत असतो. विचारायचं ते असं: ट्रेनिंगला गेला होता का, कुणाच्या तबेल्यात, आणि का थांबला?

पाय बघायच्या आधी घोडा कोण आहे ते पक्कं करावं. ओळखीची मायक्रोचिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, डोकं आणि खांदा यांच्या साधारण मध्यावर असते. स्कॅनर आपल्या व्हेटचा न्यावा आणि दोन्ही बाजू फिरवून बघाव्यात. येणारा 15 आकडी नंबर पासपोर्टशी जुळवावा आणि पुण्यातल्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे तो नंबर व नाव लेखी पाठवून विचारावं. चिप लागलीच नाही तर व्यवहार तिथेच थांबवावा. पासपोर्टातल्या आकृतीवर पांढरे पट्टे आणि भोवरे खुणा करून दाखवलेले असतात. आपल्याकडे भोवऱ्यावरून शकुन बघणारे भरपूर आहेत, पंचकल्याणी घोड्याला जास्त पैसेही मोजले जातात, पण भोवरा कपाळावर की मानेवर, उजवीकडे की डावीकडे हे कागदाशी ताडून बघणारा क्वचितच भेटतो. भोवरे जन्मभर बदलत नाहीत. करड्या घोड्याचा रंग मात्र वयानुसार पांढरा होत जातो, तेव्हा रंगावर भिस्त ठेवू नये.

हा घोडा घेतल्यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या व्हेटने चिप वाचली. स्टड बुकात सापडलेला घोडा 11 वर्षांचा होता, रेसच्याच स्टडमध्ये जन्मलेला, आणि चांगला बराच काळ पळालेला. वयाचा संशय त्याच दिवशी यायला हवा होता. वरच्या कोपऱ्यातल्या पटाशीच्या दातावर हिरडीपासून खाली उतरणारी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, ती पंधराव्याच्या सुमारास निम्म्यापर्यंत येते. सहा वर्षांच्या घोड्याला ती असायचं काही कारण नाही. दातांचा अंदाज वर्षभर इकडेतिकडे होतो, पण सहा आणि अकरा यांत गल्लत होत नाही. उंचीही फुगवलेली निघाली. 16.2 म्हणजे 16 हात आणि 2 इंच, एक हात 4 इंचांचा, म्हणजे सुमारे 167.6 सेंटिमीटर. मापाची काठी लावली तेव्हा 15.3, म्हणजे 160 सेंटिमीटर भरले. (जाहिरातीत 16.5 हात दिसलं तर समजावं की लिहिणाऱ्याला मोजता येत नाही. दशांशाच्या जागी 0 ते 3 इंचच येतात.)

पायांचं तर काय सांगायचं! व्हिडिओत आणि दाखवताना चारही पायांना बूट बांधलेले होते, ‘ट्रेनिंगचे आहेत’ म्हणून काढले नाहीत. बूट काढल्यावर पुढच्या पायांच्या नळ्यांवर बारीक ठिपक्यांच्या ओळी आणि त्यावर उगवलेले पांढरे केस दिसले. या डागण्यांच्या खुणा, जुन्या रेसच्या घोड्यांवर हमखास दिसणाऱ्या. त्यामागे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फुगलेला. टेंडनची दुखापत बाहेरून बरी दिसली तरी आतला तंतू पूर्वीसारखा होत नाही, उडीवरून उतरताना तोच पहिला तुटतो. म्हणून अल्ट्रासाउंड करायचाच, आणि एक्स-रेमध्ये पुढचे खूर, फेटलॉक (खुराच्या वरचा सांधा), हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा) आणि स्टायफल (मागच्या पायाचा गुडघा) घ्यायचे. धापा टाकताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर एंडोस्कोपी. उंच थरोब्रेडमध्ये स्वरयंत्राची डावी बाजू लुळी पडण्याचा आजार आढळतो.

घोडा त्या दिवशी अगदी शांत होता, दुडकीत कुठेही लंगडला नाही. शांतपणाचं कारण एसेप्रोमाझिन या शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन असू शकतं. त्याचा असर काही तास टिकतो, आणि गेल्डिंगचा लिंगाचा भाग सैल लोंबत असेल तर तोच मोठा इशारा. लंगडणं दडवायचं असेल तर फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक, तबेल्यात ज्याला ‘ब्यूट’ म्हणतात, एकदोन दिवस काम करतं. यावर उपाय सोपा आहे: घोडा बघायला जाताना व्हेटने रक्ताची बाटली काढून फ्रीझरमध्ये ठेवायची, आणि पुढे काही निघालं तर तीच तपासायची. ‘रक्त काढू देणार नाही’ असं जो म्हणतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. शिवाय एकदा न कळवता, वेगळ्या वेळी जावं आणि घोडा थंड असताना, आधी न फिरवलेला, तबेल्यातून बाहेर येताना बघावा.

महालक्ष्मी आणि पुणे ही दोन्ही रेसकोर्सं उजव्या वळणाची आहेत. तिथून आलेला घोडा बरेचदा डाव्या बाजूला ताठ असतो, डाव्या वर्तुळात कँटरला (दुडकीहून वेगवान चालीला) चुकीचा पाय घेतो, आणि लगाम आवळला की थांबण्याऐवजी जोर लावतो. यातलं काहीच गुन्हा नाही. रेसमधून आलेले घोडे जंपिंगला नालायक असतात असं मुळीच नाही: टच ऑफ क्लास ही घोडी रेसमध्ये काही करू शकली नाही आणि 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये जो फार्गिसला वैयक्तिक सुवर्ण देऊन गेली. गोम एवढीच की रेसचा घोडा रेसचा म्हणून घ्यायचा, त्याच्याच भावात, आणि पायांचे फोटो काढून.

घोडा हलवण्याआधी ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमिया या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या रक्ततपासणीचा अहवाल मागावा. अहवालावरचा चिप नंबर घोड्याचाच आहे का हे बघावं, दुसऱ्याच जनावराचा कागद चिकटवलेला सापडतो. ग्लँडर्स माणसालाही होतो.

‘उद्या दुसरं गिऱ्हाईक टोकन देतंय’ असं सांगून इथे दोन तृतीयांश रक्कम रोखीने घेतली गेली आणि करारात ‘जसा आहे तसा’ एवढंच लिहिलं. तरी पुढचे रस्ते बंद झालेले नाहीत. माल वर्णनाबरहुकूम असावा, हे 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 15 सांगतं आणि घोडाही त्यात येतो. फसवून पैसे काढल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली बसतो. विकणारा हाच धंदा करत असेल तर ग्राहक आयोगातही जाता येतं, घटनेपासून दोन वर्षांत. जाहिरात व्हॉट्सअॅपवर आलेली असेल तर चॅट पुसू नये, स्क्रीनशॉटवर थांबू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन वकिलाला दाखवेपर्यंत रीसेट करायचा नाही आणि विकायचाही नाही.