रेस्क्यू फिटनेसची बॅच, दोन महिने करून बघितली (5 पैकी 4)

ऑगस्ट 2024 ला वडोदऱ्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळीच 25-26 ची, तेव्हा आमच्या सोसायटीत कमरेएवढं पाणी. तळमजल्यावरच्या आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघं वर न्यायला निघालो आणि जिममध्ये 80 किलो बेंच मारणारा मी जिन्याच्या पहिल्याच वळणावर "थांबा थांबा" ओरडलो, बोटंच सुटायला लागली. लाज वाटली राव.

म्हणून वडोदऱ्यात घराजवळच चालणारी ही बॅच लावली. सर रिटायर्ड जवान आहेत, आरसा नाही, गाणी नाहीत, ट्रेडमिल तर नाहीच. पाण्याचे 20 लिटरचे कॅन दोन्ही हातात घेऊन चालायचं, मग जिना, मग जुन्या जीन्समध्ये वाळू भरून शिवलेला डमी ओढायचा, त्याला सगळे 'काका' म्हणतात. काकांच्या मागून बगलेतून हात घालायचे, त्यांचंच मनगट पकडायचं, पाठ सरळ, आणि उलटं चालायचं. पहिल्या दिवशी मी 10 मीटरमध्ये बसलो!! आणि एवढं दमवून झाल्यावर सर सीपीआरला (हृदय थांबलेल्याच्या छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) बसवतात, मिनिटाला 100 ते 120 दाब, 5-6 सेंमी खोल, 30 दाबांना 2 श्वास, कारण प्रत्यक्षात तुम्ही धापा टाकतच तिथे पोचणार ना. हा भाग मला सगळ्यात आवडला. अमेरिकेत वणव्यावर जाणाऱ्यांना पाठीवर साडेवीस किलो घेऊन 45 मिनिटांत 4.8 किमी चालावं लागतं, पळायचं नाही. आमच्याकडून तेच करून घेतलं, मला 52 मिनिटं लागली.

थ्रो बॅग, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायची दोर भरलेली पिशवी, ती पण शिकवतात, दोराचं टोक आधी पायाखाली दाबायचं विसरलात तर पिशवीबरोबर दोरही गेला, माझा दोनदा गेला. पाण्यात मात्र कोणालाच उतरवत नाहीत, नदीत मगरी आहेत आणि ते काम जवळच्या जरोदच्या एनडीआरएफवाल्यांचं (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), हे सर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात. बरोबरच आहे. पण मग निदान एखाद्या स्विमिंग पूलमध्ये तरी लाइफ जॅकेट घालून तरंगायला शिकवा की, दोन महिने "पुढच्या रविवारी" चाललंय.

एक स्टार त्याचाच कापला. शिवाय काकांची शिवण मांडीवर उसवलीय, ओढताना अख्ख्या पॅसेजमध्ये वाळू सांडते आणि झाडू पण आम्हीच मारायचा (सर म्हणतात हा पण व्यायाम). माझे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे, त्यांना ही बॅच आवडली असती, फी ऐकून मात्र उठून गेले असते.

सकाळी 5.30 म्हणजे 5.30, उशीर झाला की कॅन घेऊन एक जिना जास्त. नंतर सगळे मिळून सेव उसळ खायला जातो, ते फीमध्ये नाही. जूनची फी भरलीय, आजींनाही सांगून ठेवलंय, या वेळी खुर्ची लाकडी काढा.