पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना: बाजार कोसळतो तेव्हा

ओझरच्या कारखान्यातून, नाशिकरोडच्या प्रेसमधून किंवा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होणाऱ्याच्या हाती फंड आणि ग्रॅच्युइटी एकदाच येते. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवरून २६ हजारांखाली आला. घरखर्चासाठी ज्यांना तेव्हा म्युच्युअल फंडाची युनिटं विकावी लागली, त्यांचा तोटा कायमचा झाला. ज्यांचं व्याजावर भागत होतं, ते थांबू शकले. ही योजना घ्यायची ती एवढ्याचसाठी, आणि या कामात तिला तोड नाही.

वयाची अट ६०. नियमानुसार किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्यांना ५५ नंतरही चालते, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत. कमाल ३० लाख, मुदत ५ वर्षं. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला. त्या दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण तुमच्या खात्याचा दर उघडल्या दिवशीचाच राहतो. मार्च २०२० मध्ये खातं उघडणाऱ्याला ८.६ टक्के मिळाले, एप्रिलमध्ये गेलेल्याला ७.४. म्हणून तिमाहीअखेरीस चेक देऊ नका: चेक वटेल ती तारीख धरतात.

दर वाढले तर? ७.४ टक्क्यांवाल्या १५ लाखांना ३ वर्षं झाली, २ उरली, असं धरू. मोडल्यास १ टक्का म्हणजे १५,००० कापले जातात. ८.२ ने नवं खातं उघडलं तर वर्षाला १२,००० जास्त, दोन वर्षांत २४,०००. मोडणं परवडतं. एकच वर्ष उरलं असेल तर नुसत्या या हिशेबात तोटा. पहिल्या दोन वर्षांत मात्र हात लावू नये: वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याजही वसूल होतं, दुसऱ्या वर्षी दीड टक्का जातो.

किती ठेवायचे? खर्च ४०,०००, पेन्शन २२,००० असेल तर महिन्याला १८,०००ची तूट, म्हणजे ८.२ टक्क्यांनी साधारण साडेसव्वीस लाख. व्याज करपात्र आहे, तेही धरा. दूध-औषधं महागली तरी व्याजाचा आकडा ५ वर्षं तोच राहतो, हा योजनेचा खरा दोष. त्यामुळे उरलेली रक्कम वाढणाऱ्या गुंतवणुकीत असलीच पाहिजे.

जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, जाण्याआधी आधार आणि पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा. नाव जुळलं नाही तर अर्ज तिथेच अडू शकतो. व्याज थेट जमा व्हावं म्हणून पोस्टाचं बचत खातं आधी उघडा. संयुक्त खातं फक्त पती-पत्नीचं. एजंट दुसरंच काही सुचवतील. डिसेंबर २०११ पासून त्यांना या योजनेवर कमिशन नाही.

एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवणारी घरं नाशिकमध्ये आजही आहेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही.

मुदत संपल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज केला तर ३ वर्षं वाढवून मिळतात, मुदत संपली त्या दिवशीच्या दराने. अर्ज राहून गेला तर नुसतं बचत खात्याचं व्याज मिळतं, ४ टक्के.