सड्यावरची घरगुती पवनचक्की : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे गावापासून दूर, सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर आहेत आणि तेथील मांगरापर्यंत (बागेतल्या राखणीच्या झोपडीपर्यंत) विजेचे खांब पोहोचलेले नाहीत. शंभर वॅटचे एक सौर पॅनेल आणि १०० अँपिअर-तासांची (हे साठवलेल्या विजेचे माप) बॅटरी यांवर आंब्याच्या मोसमात राखणीची सोय होते. परंतु मृग लागला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच सड्यावरचा वारा माणसाला उभे राहू देत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी घरी जोडायच्या पवनचक्कीचा संच ११,८०० रुपयांना ऑनलाइन मागवला. त्यात कायम चुंबकांचे तीन फेजचे, म्हणजे तीन वायरींतून वीज देणारे जनित्र, प्लॅस्टिकची तीन पाती, पत्र्याची शेपटी, रेक्टिफायर (जनित्राची उलटसुलट वाहणारी वीज बॅटरीसाठी एकाच दिशेची करणारा) आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू न देणारा) एवढे सामान आले. खांब, तणावे (खांबाला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा), वायर आणि पाया यांचा खर्च वेगळा झाला.

जनित्र खरोखर चांगले आहे. हाताने फिरवले असता ते कोठेही अडकत नाही, आणि तिन्ही वायरींची टोके एकत्र पिळून आस फिरवला तर तो चिखलात रुतल्यासारखा जड होतो. टोके सोडताच पुन्हा मोकळा फिरतो. विकत घेताना ही परीक्षा प्रत्येकाने करावी, कारण आतील तारेच्या गुंडाळ्या धड आहेत की नाहीत हे तिच्यात कळते आणि पुढे चक्की थांबवण्याचा ब्रेकही याच युक्तीने करता येतो. मी त्यासाठी मांगरात एक स्विच बसवला आहे.

जाहिरातीतला ‘५०० वॅट’ हा आकडा मात्र मान्य करण्यासारखा नाही. पात्यांचा व्यास १.२ मीटर आहे, म्हणजे वारा अडवणारे क्षेत्र सुमारे १.१३ चौरस मीटर. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिल्याप्रमाणे तिच्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणतेही पाते काढून घेऊ शकत नाही; साध्या घरगुती यंत्राला २५ ते ३० टक्के मिळाले तरी पुष्कळ झाले. या हिशेबाने सेकंदाला १२ मीटर वाऱ्यात फार तर ३५० वॅट, ८ मीटर वाऱ्यात ८५ ते १०० वॅट आणि ५ मीटर वाऱ्यात अवघे वीस-पंचवीस वॅट मिळतात. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारी वायव्येकडून जो खारा वारा येतो, तो आपल्या अंगाला कितीही सुखावणारा असला तरी चक्कीला त्यातून एवढेच मिळते.

जागेची चूक माझी होती. पहिला खांब सहा मीटरचा होता आणि मांगराला लागून, सुरूच्या झाडांच्या रांगेच्या आडोशाला उभा केला होता. तेथे वारा घोळत असल्याने चक्की सारखी तोंड फिरवत राहिली आणि बॅटरीत जवळजवळ काहीच जमा झाले नाही. शंभर मीटरच्या आतील झाडा-घरांपेक्षा पाती निदान नऊ मीटर उंच असावीत असा जाणकारांचा नियम आहे. तो पूर्ण पाळणे मला परवडले नाही, परंतु सड्याच्या पश्चिम कडेला, जेथे समुद्राकडून कसलाच अडथळा नाही, तेथे बारा मीटरचा लोखंडी पाइप उभा केल्यावर चित्र पालटले. तणाव्यांचे खुंट जांभ्याला भोके पाडून सिमेंटमध्ये बसवले आहेत.

संचातील पाती पातळ होती आणि जोराच्या वाऱ्यात थरथरत असत. ती काढून १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची नवी पाती मी कापली. कापणे सोपे आहे, समतोल साधणे किचकट. तिन्ही पाती चकतीला जोडून ती चकती मधल्या भोकातून आडव्या खिळ्यावर अडकवली, की जड पाते आपोआप खाली येते. त्याची कड कानशीने थोडी घासायची आणि पुन्हा फिरवून पाहायचे. कोणतेही पाते मुद्दाम खाली न येता चकती कोठेही थांबू लागेपर्यंत माझी एक अख्खी दुपार गेली. ती दुपार सत्कारणी लागली, कारण त्यानंतर खांबाची थरथर थांबली.

सर्वांत गंभीर दोष चार्ज कंट्रोलरचा आहे. तो मुळात सौर पॅनेलचा आहे. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, पण चक्कीवरचा भार अशा वेळी अचानक सुटतो आणि पाती बेभान फिरू लागतात. आषाढातल्या एका रात्री आमच्या गड्याचा फोन आला, “काकानू, चक्कीचो आवाज काय बरो नाय.” त्याने ब्रेकचा स्विच दाबला म्हणून पाती वाचली. जास्तीची वीज हीटरच्या कॉइलकडे वळवणारा कंट्रोलर मी नंतर २,६०० रुपयांना वेगळा घेतला. विक्रेत्याला सविस्तर लिहूनही आजवर उत्तर आलेले नाही. जिवाला धोका असलेल्या बाबतीत हे मौन मला अक्षम्य वाटते.

दुसरा दोष खाऱ्या हवेने उघड केला. पहिल्या पावसाळ्यानंतर बोल्ट गंजून फुगले होते आणि एका चुंबकावरचा निकेलचा मुलामा फुटून त्याखाली गंज धरला होता. असा चुंबक फुगून गुंडाळीला घासू लागला की जनित्र संपलेच. आता बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत आणि चुंबकांवर इपॉक्सीचा थर आहे. वायरही जाड घ्यावी: खांबापासून बॅटरी तीस मीटरवर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ८ अँपिअरला साडेतीन व्होल्ट वाटेतच जातात. बारा व्होल्टच्या यंत्रात हे नुकसान फार मोठे आहे.

एवढे सगळे केल्यावर गेल्या आषाढ-श्रावणात एका रात्रीत बॅटरीत तीस अँपिअर-तासांपर्यंत वीज जमा होत होती. चार दिवे, फोन आणि एक छोटा पंखा यांना ती पुरली. नारळी पौर्णिमेनंतर वारा उतरतो आणि आश्विनात दिवसभरात तीन-चार अँपिअर-तासही कसेबसे मिळतात. त्यामुळे ज्यांच्याकडे सौर पॅनेल नाही त्यांनी आधी तेच घ्यावे, आणि खाडीच्या काठी, माडा-पोफळींच्या दाटीत घर असलेल्यांनी हा संच घेऊच नये. उघड्या सड्यावर पावसाळ्यातही वीज हवी असेल, तर जनित्रापुरता हा संच घेण्यासारखा आहे; पाती आणि कंट्रोलर यांचे पैसे मात्र पुन्हा मोजावे लागतील हे धरून चालावे.

खांब बुडाशी बिजागरीवरच उभा करावा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हा आमची मोठी कलमे मुळासकट उपटलेली मी पाहिली आहेत. आता वादळाचा इशारा आला की दोघे जण मिळून पंधरा मिनिटांत खांब कातळावर आडवा करतो, पाती दोरीने बांधतो आणि मगच मांगराचे दार लावतो.