एकही खोटं न बोलता फसवलं

ज्या विक्रेत्याने पाणी शुद्ध करायचं यंत्र विकताना माझ्या काकांना फसवलं, त्याने कागदावर एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. तोंडीही तो फारसं खोटं बोलला नाही. त्याने फक्त दाखवलं. ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका काका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा,’ हे त्याचं पालुपद. फसवणारा माणूस काहीतरी लपवतो, विचार करायला वेळच देत नाही, अशी आपली समजूत असते. हा तर चक्क प्रयोगाचं सामान घेऊन आला होता.

मी तेव्हा तिथे नव्हते. पण काकांनी आणि काकूने मला तो प्रसंग वेगवेगळा सांगितला आणि दोन्ही हकिकती जुळतात. टेबलावर दोन काचेचे ग्लास. एकात घरातल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं, त्याच्या आरओ (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार काढणाऱ्या) यंत्रातून निघालेलं पाणी. दिसायला दोन्ही सारखीच नितळ. मग त्याने बॅगेतून एक छोटी पेटी काढली. तिच्या खाली धातूच्या कांड्यांच्या दोन जोड्या. एकेक जोडी एकेका ग्लासात बुडवली, पिन प्लगमध्ये घातली, बटण दाबलं. नळाच्या पाण्यात बुडबुडे उठले, कांडीपासून हिरवट-काळपट धागे सुटायला लागले, आणि बघता बघता वर तपकिरी फेस, खाली गाळ. दुसऱ्या ग्लासातलं पाणी जवळपास होतं तसंच. किंचित पिवळसर झालं असेल, एवढंच.

विक्रेता या सगळ्या वेळात गप्प होता. ‘बाप रे, एवढी घाण रोज पोटात जाते आपल्या?’ हे वाक्य काकांचं. त्याने नुसती मान हलवली.

काकूने मात्र विचारलं होतं, ‘अहो, इतकी घाण असती तर पाणी उकळल्यावर, भांड्याच्या तळाशी कधीतरी दिसली असती ना?’ त्यावर त्याचं उत्तर, ‘काकू, ते जरा टेक्निकल आहे. काका सायन्सचे आहेत, त्यांच्या लक्षात आलंय बघा.’ मला विचाराल तर खरी फसवणूक इथे झाली, ग्लासात नाही. एका वाक्यात काकू अडाणी ठरली आणि काकांना ‘मलाही कळलं नाही’ म्हणायची सोय राहिली नाही. सही झाली, हप्ते बांधले गेले, वर देखभालीचा वार्षिक करार.

आता त्या ग्लासात काय झालं ते सांगते, कारण हा खेळ अजूनही चालतो. पाण्यातून वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांच्या जोरावर. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट वगैरे असतंच. आरओच्या पाण्यातून ते बहुतेक काढलेलं असतं, म्हणून तिथे वीज नावापुरती जाते. कांड्यांच्या जोडीत एक लोखंडाची असते, दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. वीज वाहू लागली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं. त्याचं आधी हायड्रॉक्साइड बनतं, तेच ते हिरवट-काळपट धागे, आणि पाण्यातल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की तांबूस-तपकिरी गंज. ॲल्युमिनियमचा पांढरट, बुळबुळीत साका होतो. फेस येतो तो मुख्यतः हायड्रोजनच्या बुडबुड्यांमुळे. म्हणजे गाळ निघाला तो पाण्यातून नाही, कांड्यांमधून. बटण दाबण्यापूर्वी तो गाळ त्या ग्लासात नव्हताच. (गंमत अशी की सांडपाणी साफ करायला हीच क्रिया खरोखर वापरतात. धातूचा असा साका पाण्यातले बारीक कण धरून खाली बसतो.)

हे मी काकांना तोंडी सांगितलं तेव्हा ते रागावले. ‘अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तू मला पुस्तकातलं सांगतेस?’ त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेल्याला उत्तर डोळ्यांनीच द्यायला हवं. नऊ व्होल्टची साधी बॅटरी, वायरचे तुकडे आणि लोखंडी खिळे आणले. घरातल्या प्लगची वीज असल्या उद्योगाला चुकूनही वापरू नका. तो विक्रेता वापरतो, त्यात जीव जाऊ शकतो. आम्ही तीन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात काकांच्या नव्या यंत्राचं, आणि तिसऱ्यातही यंत्राचंच, फक्त त्यात चिमूटभर मीठ. बॅटरी लहान, त्यामुळे वेळ लागला. काकू मधूनमधून येऊन वाकून बघून जायची. मिठाचा ग्लास सगळ्यांत आधी बिघडला, नळाच्या पाण्यापेक्षाही गडद. यंत्राचं बिनमिठाचं पाणी शेवटपर्यंत साळसूदपणे बसून राहिलं.

काकांनी खिळे बाहेर काढून पुसले. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला खिळा खडबडीत झाला होता, बोटाला खड्डे लागत होते. ऋण टोकाचा गुळगुळीत. बराच वेळ दोन्ही खिळे चिमटीत फिरवून ते म्हणाले, ‘म्हणजे घाण खिळ्यातली होती?’

त्या दिवशी टेबलावर हा तिसरा ग्लास असता तर विक्री झाली नसती. त्याने दाखवलेलं सगळं खरं होतं, फक्त कशाची कशाशी तुलना करायची हे त्याने ठरवलं होतं. मी कुतूहलाचं कौतुक पुष्कळ ऐकते, पण असले लोक कुतूहलावरच पोट भरतात. काकांना कुतूहल नसतं तर त्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. तपकिरी रंग दिसल्यावर ते कुतूहल तिथेच थांबलं, आणि तो रंग आणखी कशाने येऊ शकतो हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आरओ यंत्र म्हणजे फसवणूक, असं माझं म्हणणं नाही. पाणी खारं असेल, त्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड जास्त असेल तर ते उपयोगीच आहे. आक्षेप गरज पटवण्याच्या रीतीवर आहे. या विक्रेत्यांचं दुसरं हत्यार म्हणजे पेनासारखं टीडीएस मीटर. ते पाण्याची वीजवाहकता मोजतं आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा दाखवतं. आकडा मोठा, म्हणजे पाणी विषारी, असं सुचवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे लिटरला 600 मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी चवीला साधारण चांगलं मानतात आणि 1000च्या पुढे ते उत्तरोत्तर बेचव होत जातं. मुद्दा चवीचा आहे. मीटरला जंतू अजिबात दिसत नाहीत. आर्सेनिकसाठी याच संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. पूर्ण आकड्यांत मोजणाऱ्या त्या पेनाला तिच्या दसपट आर्सेनिक असलं तरी पत्ता लागणार नाही. म्हणजे आकडा लहान असून पाणी घातक असू शकतं, आणि मोठा असून निर्धोक.

याच जातीचा आणखी एक खेळ आहे थेंबांचा. नळाच्या पाण्यात रसायनाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ते रसायन क्लोरीन ओळखतं, आणि क्लोरीन तर जंतू मारायला मुद्दाम घातलेलं असतं. मग विक्रेता तुम्हाला त्या पाण्यात थोडा वेळ बोटं बुडवायला लावतो आणि पुन्हा थेंब टाकतो. या वेळी पिवळा रंग येत नाही. ‘बघा, क्लोरीन अंगात गेलं!’ प्रत्यक्षात कातडीवरच्या घामाशी, तेलाशी क्लोरीनची क्रिया होऊन ते संपतं. बोटांऐवजी भाजीचा तुकडा बुडवला तरी रंग फिका पडेल. पण तो बुडवून कोण बघतो?

पायांतून ‘विषारी द्रव्यं’ खेचून काढणारी टबं तर त्या दोन ग्लासांची सख्खी भावंडं. मिठाचं पाणी, त्यात लोखंडी कांड्या, वीज सुरू, पाणी तपकिरी. पाय न घालता टब सुरू करा, पाणी तितकंच तपकिरी होतं.

हे सगळं भोळ्या लोकांचं दुखणं आहे असं वाटत असेल, तर एडीई 651 या यंत्राची गोष्ट ऐका. हातात धरायची मूठ आणि पुढे सैल फिरणारी अँटेना. बॉम्ब जवळ असला की ती त्या दिशेला वळते, असा दावा. इराकने ही यंत्रं प्रचंड पैसे मोजून घेतली आणि तपासणी नाक्यांवर जवानांच्या हातात दिली. ज्या कार्डामुळे म्हणे यंत्राला स्फोटकं ओळखता येत, ते उघडल्यावर आत दुकानातली चोरी पकडायला मालाला लावतात तसली साधी पट्टी निघाली. विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅकॉर्मिक याला 2013मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. अँटेना हलायची, हे मात्र खरं. धरणाऱ्याचं मनगट नकळत जरासं कललं की ती फिरायची, आणि आपण काहीच केलं नाही याची त्या जवानाला प्रामाणिक खात्री असायची.

ही मनगटाची चलाखी तोवर चांगली दीडशे वर्षं माहीत होती. 1853मध्ये लंडनमध्ये टेबलं फिरवायचं खूळ होतं. लोक टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने कुणालाही लबाड म्हटलं नाही. आधी टेबल हलतं की आधी हात, एवढंच त्याने विचारलं. हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर मऊ चिकटद्रव्याने जोडून ठेवले. टेबल आधी हललं असतं तर खालचे पुठ्ठे पुढे गेले असते. सरकले ते वरचे, हाताकडचे. मग त्याने हाताची हालचाल दाखवणारा काटा बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लावला, तर टेबल फिरणंच बंद झालं. बॉम्बच्या यंत्राला याहूनही सोपी परीक्षा पुरली असती. बंद खोकी मांडायची, त्यांतल्या एकातच स्फोटक, आणि कोणत्या खोक्यात आहे ते यंत्र धरणाऱ्याला ठाऊक नसेल अशी व्यवस्था करायची.

आता काकांच्या पैशांचं. आम्ही कंपनीकडे लेखी तक्रार केली, खिळ्यांचे आणि तिन्ही ग्लासांचे फोटो जोडले. उत्तर सभ्य भाषेत आलं. यंत्र ‘विरघळलेले क्षार कमी करेल’ एवढंच करारात लिहिलंय आणि ते यंत्र तसं करतं. प्रात्यक्षिक ‘केवळ माहितीसाठी’ असल्याची ओळ कराराच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलीच होती. पाणी विषारी आहे, असं आमच्या प्रतिनिधीने म्हटल्याचा पुरावा द्या, असं त्यांनी विचारलं. पुरावा कुठून देणार, म्हटलं काकांनी होतं! देखभालीचा करार तेवढा रद्द करून मिळाला. हप्ते चालू आहेत.

म्हणून असा कुणी आला तर त्याला दोन गोष्टी करायला सांगा. बटण दाबण्यापूर्वी त्याच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ घालायचं, आणि ‘हा गाळ तुमच्या पाण्यातला आहे’ हे सही करून लिहून द्यायचं. शिवाय ‘ते टेक्निकल आहे’ असं कुणी म्हटलं, की घरात ज्याला सगळ्यांत कमी कळतं असं आपण समजतो, त्याला पुढे बसवा आणि त्याचं समाधान होईपर्यंत समजावून सांगायला लावा. काकूचा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांत शहाणा होता.

पाण्याची खरोखर शंका असेल तर यंत्र विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, कठीणपणा, हे वेगवेगळं मागा, नुसता टीडीएस नको. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, तिचं झाकण नमुना भरतानाच उघडा, आणि भरलेली बाटली गार ठेवून त्याच दिवशी पोचवा. यंत्र घ्यायचं की नाही आणि घेतलं तर कोणतं, हे तो अहवाल हातात आल्यावर बघा. काकांच्या नळाच्या पाण्याचा अहवाल आम्ही नंतर आणला. त्यात आक्षेपार्ह काही निघालं नाही.