ग्लास गायब झाला तेव्हाच फोन कापायला हवा होता

११,२२,५०० रुपये. आकडा आधीच सांगते, म्हणजे कुणी हळूच "किती गेले हो?" विचारायला नको. आधी ४,८५,००० आणि मग एफडी मोडून ६,३७,५००.

प्रकार तुम्हाला माहीत आहेच, 'डिजिटल अरेस्ट': खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर धरून ठेवतात आणि पैसे काढून घेतात. आधारवर कुणीतरी खातं उघडलंय, मनी लाँडरिंगची केस आहे, दोन तासांत मुंबईत हजर व्हा नाहीतर व्हिडिओवर जबाब द्या. नाशिकहून दोन तासांत मुंबई! आमचे दीर म्हणतात, इथेच हसायला हवं होतं. ज्यांचं वीजबिल अजून मी भरते, ते मला शिकवतात.

व्हिडिओवर खाकीतला माणूस, मागे अशोकस्तंभ आणि तिरंगा. "मॅडम, कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कुणाला सांगितलंत तर तेही आरोपी." बोलता बोलता त्याने पाणी प्यायला हात उचलला आणि ग्लास दिसेचना. बोटं अर्धी गायब, तिरंग्याची कड मनगटावर चढलेली. मी हे पाहिलं. चांगलं डोळे फाडून पाहिलं. आणि मनात काय आलं, तर नेट स्लो असेल!

येणारच ना? मी घरून अकाउंट्सचं काम करते. व्हिडिओ मीटिंगमध्ये आमच्या साहेबांच्या मागे कायम सॉफ्टवेअरने लावलेलं पुस्तकांचं खोटं कपाट असतं आणि मान वळवली की त्यांचा कान नाहीसा होतो. त्यांना मी प्रत्यक्ष कधी भेटलेले नाही, पगार मात्र खरा येतो. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओवरच ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली, कोर्टाच्या सुनावण्या करोनापासून स्क्रीनवर चालतात. सगळा कारभार स्क्रीनवर नेऊन ठेवायचा आणि वर विचारायचं, शिकलेली बाई स्क्रीनवर विश्वास कसा ठेवते!

हो, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं, की डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाहीच. कॉलर ट्यूनही वाजायची. इतकी वाजली की कान ती ऐकेनासे झाले. आणि मला मूर्ख म्हणण्याआधी कापडउद्योगातल्या वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल आठवा. २०२४ मध्ये त्यांच्यापुढे अख्खं सुप्रीम कोर्ट उभं केलं, सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून कुणाला तरी बसवलं आणि ७ कोटी नेले. त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले. माझे ३८,२१४ रुपये गोठवलेत. बस्स.

पैसे पाठवताना खातेदाराचं नाव वाचा. माझं 'सरकारी तपासणी खातं' कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावावर होतं. नाव मीच टाइप केलं.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागता लागेना. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा, सायबरवाले म्हणाले आधी तुमच्या ठाण्यात जा. एकाने तर विचारलं, "तुम्ही स्वतःच पाठवलेत ना? मग चोरी कशी?" बँकेचं तेच पालुपद, ओटीपी तुम्हीच टाकला, जबाबदारी तुमची. साडीच्या १,८५० रुपयांना माझं कार्ड अडवणाऱ्या या बँकेला, भरदुपारी एफडी मोडून सहा लाखांवर रक्कम अनोळखी खात्यात जाताना काहीच खटकलं नाही? मॅनेजरने मान वर करून बघितलंही नाही. लेखी उत्तर आलं ते चार ओळींचं, त्यात माझं आडनावही चुकलेलं.

असा फोन आला तर एवढंच म्हणा, "मी स्वतः जवळच्या ठाण्यात जाते," आणि कापा. घरात कुणाला सांगू नका म्हणाला की आधी घरात सांगा. चॅट ते स्वतःच पुसतात, स्क्रीनशॉट लगेच घ्या. १९३० लागत नसेल तर cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका आणि तोवर बँकेलाही ईमेल करा, पोलिसांच्या पत्राची वाट बघत बसू नका. पैसे सोडवून देतो म्हणणारे 'एजंट' नंतर येतात. मलाही आले. फी १५,००० म्हणे.

गोठवलेले ३८,२१४ सोडवायला कोर्टात अर्ज टाकलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. वकील म्हणाले, ऑनलाइन हजर राहिलात तरी चालेल. मी बसने जाणार आहे.